गेलेल्या देवाचे सन्निधान

दिवाळीत आपण उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले काढतो. ती नेहमी आत येणारी असतात. बाहेर जाणारी पावले काढण्याची रीत आपल्याकडे नाही, आणि एखाद्या पोरीने चुकून तशी काढलीच तर घरातली वडीलधारी बाई ती चटकन पुसून टाकील. देव म्हणजे येणारा आणि आला की राहणारा, अशी आपली समजूत आहे. गणपतीला निरोप देतानासुद्धा पुढच्या वर्षीचे आमंत्रण दिल्यावाचून आपण त्याला पाण्यात सोडीत नाही. पण याच महाराष्ट्रात सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी असा एक पंथ उभा राहिला, की ज्याने बाहेर जाणाऱ्या पावलांवर डोके ठेवले. देव आला होता, तो आमच्यात बसला, जेवला, बोलला आणि निघून गेला. आता त्याच्यावाचून कसे जगायचे, हा त्या पंथापुढचा प्रश्न होता. त्या प्रश्नातून जे वाङ्मय जन्माला आले, त्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे मनात आहे. मी कुणी पंडित नव्हे. शाळेत मुलांना मराठी शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते, एवढाच माझा अधिकार.

हा पंथ महानुभावांचा. पुष्कळ वाचकांना हा शब्द त्याच्या बिघडलेल्या रूपातच ठाऊक असेल. महानुभाव म्हणजे थोर अनुभवाचा माणूस. लोकांनी त्याचे 'मानभाव' केले आणि पुढे 'मानभावी' हे विशेषण गोड बोलून आतली गाठ न सोडणाऱ्या माणसाला चिकटले. 'बोलणे मानभावाचे आणि करणी कसाबाची' ही म्हण तर आपण सहज वापरतो. गंमत अशी, की पंथाची निंदा करणारी ही म्हणच त्याच्या बाजूने साक्ष देऊन जाते. मानभावाचे बोलणे मऊ असते, कुणाला न दुखवणारे असते, हे तिने आधीच मान्य केलेले आहे! एखाद्या समाजाविषयी बहुसंख्यांच्या मनात काय साठले आहे हे इतिहासाच्या ग्रंथांपेक्षा अशा म्हणींतूनच लवकर कळते. महानुभाव आपल्या शेजारी राहिले, आपलीच भाषा बोलले आणि तरीही शेकडो वर्षे आपल्याला परके राहिले.

त्यांचा परमेश्वर पाच अवतारांनी ओळखला जातो: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. पहिले दोघे आपल्या ओळखीचे. पुढचे तिघे मात्र ऐतिहासिक काळातले. फलटणचे चक्रपाणी द्वारकेला राहत आणि हातात सूप-खराटा घेऊन तिथले रस्ते झाडीत. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू लहान मुलासारखे वागत. मनाला येईल तिथे जात, मनाला येईल ते खात, हसत, रुसत, खेळत. परका माणूस त्यांना वेडा म्हणेल, पण त्या गावाला ते मायबापाच्या ठिकाणी होते. आणि चक्रधरस्वामी तर गुजरातेतल्या एका प्रधानाच्या घरचे. रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घर सोडून निघाले ते रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटले आणि मग मराठी मुलुखात हिंडत राहिले. खराटा हातात घेतलेला देव, पोरासारखा रुसणारा देव आणि खेडोपाडी पायी चालणारा देव! सिंहासनावर बसलेल्या देवाची सवय झालेल्या लोकांना हे देवपण ओळखू आले नसेल, तर त्यात नवल नाही.

महानुभावांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानलेले आहेत. देवता पुष्कळ आहेत आणि त्या आपापल्या ताकदीप्रमाणे फळही देतात. पण जीवाची सुटका करण्याचे सामर्थ्य एकट्या परमेश्वराचे. तो दयाळूपणाने मनुष्यदेह धारण करतो आणि जीवाला आपले सन्निधान देतो. 'सन्निधान' हा या पंथाचा कळीचा शब्द आहे. सन्निधान म्हणजे जवळ असणे. मनात जाणवणे, स्वप्नात दिसणे, मूर्तीत कल्पिणे असला त्याचा सैल अर्थ इथे चालत नाही. एकाच ओसरीवर, हाताच्या अंतरावर, प्रत्यक्ष जवळ असणे हाच खरा अर्थ. आणि म्हणूनच सन्निधान संपूही शकते. चक्रधरस्वामी एके दिवशी उत्तरेकडे निघून गेले, असे पंथ मानतो. पुढे काही वर्षांनी गोविंदप्रभूही गेले. मागे राहिले ते नागदेवाचार्य, ज्यांना सगळे भटोबास म्हणत, आणि त्यांच्याभोवतीची मूठभर स्त्रीपुरुष मंडळी. आता काय करायचे? पंथाने उत्तर दिले: आठवायचे. देवाचे नाव, त्याची मूर्ती, त्याच्या लीळा, त्याच्या चेष्टा आठवायच्या.

या आठवण्यातून 'लीळाचरित्र' झाले. भटोबास एकांतात बसून काय करतात, असे म्हाइंभटांनी विचारले. स्वामींच्या लीळा आठवतो, असे उत्तर मिळाले. म्हाइंभट हे नगरकडच्या सराळ्याचे विद्वान ब्राह्मण. शास्त्रार्थात कुणाला हार न जाणारे. त्यांच्या ध्यानात आले, की ही माणसे आहेत तोवरच या आठवणी आहेत. मग त्यांनी ज्याने ज्याने स्वामींना पाहिले होते त्याला त्याला गाठून विचारायला आरंभ केला. एखादा साक्षीदार शेतात नांगर धरून उभा असेल तर त्याचा नांगर आपण हाकावा आणि त्याला बोलू द्यावे, अशी त्यांची चिकाटी सांगितली जाते. जमलेले सारे भटोबासांपुढे ठेवून त्यांनी पारखून घेतले. परंपरा या ग्रंथाचा काळ १२७८ च्या सुमाराचा मानते. म्हणजे १२९० च्या ज्ञानेश्वरीच्या सुमारे बारा वर्षे आधीचा. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ.

'पहिला' म्हटले की आपले काम झाले, असे आपल्याला वाटते. पाठ्यपुस्तकात एखादी लीळा घालायची, खाली कठीण शब्दांचे अर्थ द्यायचे, तेराव्या शतकातल्या मराठीचा नमुना म्हणून ती मुलांकडून वाचून घ्यायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. ही शिकवण्याची रीत मला पटत नाही. ग्रंथ भाषेसाठी लिहिलेला नव्हता. तो ज्या कारणासाठी लिहिला ते बाजूला ठेवले, तर त्यातली भाषासुद्धा आपल्याला नीट दिसणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

लीळाचरित्र उघडा. स्वामी कुठल्या गावी गेले, देवळाच्या कुठल्या अंगाला बसले, तोंड कुठल्या दिशेला होते, सोबत कोण होते, कुणी काय वाढले, किती वेळ निजले, हे सारे त्यात येते. झोपून उठणे म्हणजे 'उपहुड', जेवण म्हणजे 'आरोगणा', फिरणे म्हणजे 'विहरण', असे देवाच्या साध्या दिनक्रमाचे स्वतंत्र शब्द आहेत. नवा वाचक गोंधळतो. देवाच्या चरित्रात इतका किरकोळ तपशील कशाला? आम्ही कादंबरीकारही तपशील देतो. पण आमचा तपशील कामाला जुंपलेला असतो. तो पात्र उभे करतो, प्रसंग खरा वाटायला लावतो, पुढच्या घटनेची तयारी करतो. पहिल्या प्रकरणात कोपऱ्यात उभी केलेली काठी शेवटच्या प्रकरणात कुणाच्या तरी हातात येतेच. म्हाइंभटांच्या तपशिलाला असे काही काम नाही. तो कथेला पुढे नेत नाही, कारण तिथे कथा नाहीच. देव एका खांबाला टेकून बसला होता, हे लिहायचे एवढ्याचसाठी, की तो तिथे बसला होता. घरातले माणूस गेल्यावर त्याचा चहाचा पेला कोणता, तो पानावर आधी कशाला हात लावी, चप्पल कुठे काढी, याचीच आठवण मागच्यांना अधिक येते. त्याने केलेल्या मोठ्या गोष्टी परक्यांनी सांगाव्यात. लीळाचरित्राचे गद्य या जातीचे आहे. क्षुल्लक आणि महत्त्वाचे हा भेद ज्याच्यापुढे गळून पडला आहे, अशा प्रेमाचे ते गद्य आहे.

सशाची लीळा पाहा. शिकारी पाठीमागे लागलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरतो. शिकारी तो मागतात. स्वामी तो देत नाहीत; गवत खाणाऱ्या आणि रानातले पाणी पिणाऱ्या जीवाचा अपराध काय, असे त्यांना विचारतात. शिकारी वरमतात आणि जातात. मग स्वामी मांडी उचलतात आणि सशाला निरोप देतात. तोही एखाद्या थोर माणसाशी बोलावे तशा आदराने. यात चमत्कार नाही. ससा बोलत नाही, शिकाऱ्यांवर वीज पडत नाही. पण सन्निधान म्हणजे काय ते एवढ्यात कळते. सशाला तत्त्वज्ञान ठाऊक नव्हते. जवळ जाण्यासारखी जागा कुठली, एवढे त्याला कळले. दुसरा एखादा चरित्रकार असता तर त्याने इथे अहिंसेवर दोन पाने लिहिली असती. म्हाइंभट सशाला सोडतात आणि थांबतात.

आणखी एक गोष्ट मला या ग्रंथात फार मोलाची वाटते. ती म्हणजे यातल्या बायका. स्वामींची सेवा करणाऱ्या बाईसा, सतत प्रश्न विचारणाऱ्या महदाइसा, आणि अशाच कितीतरी. देव जवळ असला म्हणजे त्याच्यापुढे हात जोडून उभे राहायचे, एवढेच आपल्याला शिकवलेले असते. महदाइसा देवाला खोदून खोदून विचारतात, आणि देव रागावत नाही. विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हा स्वामींनी सांगितले, की नाकातोंडातून जसे मळ वाहतात तसाच हाही देहाचा एक धर्म; त्याचा विटाळ कसला मानता? ही गोष्ट तेराव्या शतकातली आहे. आजही सणासुदीला ज्या घरांतून बायकांना बाजूला बसवतात, त्या घरांतल्या वाचकांनी तिचा जरा विचार करावा. देव हाताच्या अंतरावर असला म्हणजे असले प्रश्न विचारता येतात. गाभाऱ्यातल्या देवापर्यंत ते पोचत नाहीत, कारण ते विचारणारीला उंबऱ्याबाहेरच थांबवलेले असते.

मूळ ग्रंथ पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीसा झाला. ज्यांना तो पाठ होता त्यांच्याकडून तो पुन्हा उभा करण्यात आला आणि त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. दोन माणसांच्या आठवणीत फरक पडला तर पंथाने एकाला खोटे ठरवून दुसऱ्याला खरे केले नाही. हे असे सांगतात आणि ते तसे सांगतात, अशी दोन्हींची नोंद ठेवली. हा प्रामाणिकपणा मला चकित करतो. धर्मग्रंथ म्हटला की तो एकमुखी असावा, त्यात शंकेला जागा नसावी, असा सर्वत्र आग्रह असतो. इथे मात्र देवाच्या आठवणीतही मतभेद लिहून ठेवला आहे. भिंत पूर्वेची होती की उत्तरेची, यावर ज्यांचे डोळे ओले होत असतील त्यांनाच असा प्रामाणिकपणा सुचतो.

आठवणीला जागा लागते. म्हणून चौदाव्या शतकात मुनी व्यासांची 'स्थानपोथी' झाली. स्वामी ज्या ज्या गावी राहिले तिथे कुठे बसले, कुठे निजले, कुठे जेवले, देऊळ कुठल्या तोंडाचे होते, याची ती नोंदवही आहे. त्या जागांवर ओटे बांधले गेले आणि आजही महानुभाव त्या ओट्यांना नमस्कार करतात. स्वामींचा स्पर्श झालेल्या वस्तूंना 'प्रसाद' म्हणतात. स्थान, प्रसाद, पंथातले भिक्षुक आणि वासनिक म्हणजे गृहस्थ अनुयायी, यांच्या आधाराने देवावाचूनचा काळ काढायचा. इथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो घेतलाही जातो. देवतांच्या मूर्तींना न भजणाऱ्यांनी दगडाच्या ओट्याला डोके टेकावे, ही मूर्तिपूजाच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. मूर्ती म्हणते, मी देव आहे. ओटा तसे म्हणत नाही. तो म्हणतो, देव इथे होता. पहिले विधान श्रद्धेचे, दुसरे साक्षीचे. साक्षीदाराला नमस्कार करताना तो गेलेला नाही असे कुणी मानीत नाही.

दुसरे आक्षेप मात्र मी नाकारू शकत नाही. लीळाचरित्र पुष्कळ ठिकाणी कंटाळवाणे आहे. गावामागून गाव येते, जेवणामागून जेवण येते, आणि ज्याच्या मनात ती भक्ती नाही त्याचा हात पाने उलटू लागतो. भक्ताला जे पुरते ते वाचकाला पुरत नाही. दुसरे असे, की या पंथाची दृष्टी कडक आहे. ज्या देवतांपुढे आपले आईबाप झुकले त्या सगळ्या परमेश्वराच्या खालच्या पायरीवरच्या, असे स्पष्ट सांगितल्यावर शेजाऱ्यांची मने दुखावणारच. आणि तिसरे, पंथाने आपले ग्रंथ 'सकळ' नावाच्या सांकेतिक लिपीत आणि तिच्यासारख्या इतर लिप्यांत लिहून बंद करून घेतले. त्यामुळे पोथ्या वाचल्या हे खरे. पण बाहेरच्यांच्या संशयालाही खतपाणी मिळाले. दार दोन्ही बाजूंनी लावलेले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडून दाखवली तेव्हा कुठे मराठी विद्वानांना आपल्याच घरातली ही खोली दिसली. पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते अशा अभ्यासकांनी हे ग्रंथ आपल्यासाठी वाचनीय केले.

या वाङ्मयातला मला सर्वांत जवळचा ग्रंथ विचाराल तर तो 'स्मृतिस्थळ'. लीळाचरित्र देव असतानाचे. स्मृतिस्थळ देव गेल्यानंतरचे. यात चक्रधर नाहीत, गोविंदप्रभू नाहीत. आहेत ते भटोबास, म्हाइंभट, केशोबास, दामोदरपंडित, महदाइसा. म्हणजे मागे राहिलेली माणसे. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी १९९२ साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्याला नाव दिले 'इन द ॲब्सेन्स ऑफ गॉड'. देवाच्या अनुपस्थितीत. याहून नेमके नाव मला सुचणार नाही.

याच ग्रंथात ती प्रसिद्ध हकीकत आहे. केशोबास हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी भटोबासांना संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबवले. स्वामींनी आपल्याला मराठीत शिकवले, तेव्हा मराठीतच विचारावे, असे सांगितले. ग्रंथ संस्कृतात गेला तर आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील, ही चिंताही त्यांनी बोलून दाखवली. मराठीच्या अभिमानाची गोष्ट म्हणून आपण ही हकीकत भाषणांतून सांगतो, टाळ्याही घेतो. पण तिच्यातली व्याकुळता आपल्याला ऐकू येत नाही. भटोबासांना मराठी श्रेष्ठ म्हणून नको होती. देव तिच्यात बोलला होता म्हणून हवी होती. ज्या ओट्यावर स्वामी बसले तो ओटा जसा बदलायचा नाही, तशी ज्या भाषेत ते बोलले ती भाषाही बदलायची नाही. मराठी हा त्यांच्या लेखी स्वामींचा प्रसाद होता! पुढे हा पंथ उत्तरेत पंजाबपर्यंत गेला, तिथे त्याला 'जयकृष्णी' म्हणू लागले. आणि घरी पंजाबी बोलणारी तिथली माणसेही धर्मग्रंथ मराठीतच वाचीत राहिली. आपल्या भाषेला एवढा मान तिच्या कुठल्या कवीने मिळवून दिला असेल?

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तिच्या प्राचीनतेची साक्ष काढताना लीळाचरित्राचे नाव अभिमानाने घेतले गेले. रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठही उभे राहिले. आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांच्या पोथीने आपल्याला हा मान मिळवून दिला, त्यांच्या नावावरून केलेले 'मानभावी' हे विशेषण आपल्या शब्दकोशात आणि तोंडात तसेच आहे. ग्रंथ आपला आणि तो जपणारी माणसे परकी, हा व्यवहार सरळ नाही. पोथ्या जपल्या त्या भाषाशास्त्राच्या प्रेमाने नव्हे. गेलेल्या देवाच्या खाण्यापिण्याची, उठण्याबसण्याची एकेक गोष्ट हरवू नये म्हणून ओळखीपाळखीच्या नसलेल्या माणसांनी त्या पिढ्यान् पिढ्या नकलून काढल्या. त्या कारणाचा आदर केल्याशिवाय त्या पोथीवर हक्क सांगू नये.

देव आहे की नाही यावर सुशिक्षितांच्या बैठकीत वाद चालतात. देव होता आणि गेला, असे शांतपणे मानून पुढचे आयुष्य नीट जगणारी माणसे त्या वादात कुठेच बसत नाहीत. त्यांच्याजवळ नवस नाही, कौल नाही, दृष्टान्त नाही. आहे ती फक्त आठवण, आणि ती बिनचूक ठेवण्याची जबाबदारी. श्रद्धेचा हा प्रकार मला कठीण वाटतो आणि म्हणूनच मोठा वाटतो. दिवाळीच्या सुटीत जमले तर लीळाचरित्रातल्या दहापाच लीळा घरात मोठ्याने वाचून पाहा. भाषा थोडी अडेल. घरातल्या आजीला विचारा, मुलांपेक्षा तिलाच ती लवकर कळेल. भटोबासांनी ती राखली होती तीही अशाच म्हाताऱ्यांसाठी.